बालाघाटात पाणी कुठं मुरतं?

जुलै-ऑगस्टमध्ये दोन चांगले पाऊस झाले की माजलगाव, वडवणी, धारूर भागातली तरणी पोरं मोटारसायकली काढतात आणि बालाघाटाच्या दिशेने निघतात. कुणी कपिलधारला जातं, कुणी पार सौताड्यापर्यंत. झाडीतली पायवाट, खाली कोसळणारं पाणी, ओलेचिंब दगड. दिवाळी उलटली की तीच वाट ओस पडते. धबधब्याच्या जागी नुसता काळा कडा उरतो आणि ओढ्यात गोटे.

यात नवल काही नाही. वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत पडणारा. एवढ्यावर ओढा बारमाही कसा वाहणार? नवल वाटावं असं पुढे आहे. माघ-फाल्गुनात त्याच डोंगरउतारावर एखाद्या कपारीत दगड ओला असतो आणि त्याला धरून उंबर हिरवागार उभा असतो. बीड शहराजवळ सव्वाचारशे वर्षांपेक्षा जुनी एक विहीर आहे. तिचं पाणी ना मोट, ना मोटार लावता शेतापर्यंत जात आलं. छत्रपती संभाजीनगरात तर पाण्याच्या जोरावर फिरणारी चक्की होती आणि ती यात्रेकरूंचं धान्य दळत असे.

ओढा चार महिन्यांत आटतो. मग झऱ्याला, विहिरीला आणि चक्कीला पाणी पुरवतं कोण? उत्तर डोंगरात आहे. पाऊस किती पडला याला महत्त्व आहेच. पण डोंगरावरून उतरताना पाणी किती काळ रेंगाळलं, यावर बाकी सारं ठरतं.

एक डोंगर, दोन खोरी

माजलगाव सखल भागात आहे. उत्तरेला गोदावरी, गावाजवळ सिंदफणा, आणि सिंदफणेवर १९८७ साली पूर्ण झालेलं धरण. दक्षिणेला व नैऋत्येला जमीन चढत जाते आणि बालाघाटाच्या रांगा सुरू होतात. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवाही माजलगावच्या जलाशयात पाणी आणून सोडतो. पण सिंदफणेचं स्वतःचं पाणी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरांतून येतं. बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही बालाघाटातलीच आणि तीही सिंदफणेलाच मिळते.

पाटोद्याचा हा माथा फार महत्त्वाचा आहे. सिंदफणा तिथून ईशान्येला उतरून माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. मांजराही याच भागात उगम पावते, पण मोठा वळसा घालून, सातशेहून जास्त किलोमीटर वाहून, दूर तेलंगणाकडे गोदावरीत जाते. सौताड्याला कड्यावरून उडी घेणारी विंचरणा मात्र जामखेडकडे वळते आणि सीना, भीमा करत कृष्णेच्या खोऱ्यात जाते. म्हणजे माथ्यावर थोड्या अंतरावर पडलेल्या दोन सरींपैकी एक राजमहेंद्रीकडे निघते, तर दुसरी पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेत पोचते.

भाकरींची चवड

बालाघाटाचा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जमिनीला भेगा पडल्या, पातळ लाव्हा पसरला, थिजला. काही काळ शांततेत गेला आणि पुन्हा वरून लाव्हा आला. असं पुन्हा पुन्हा होऊन थरावर थर बसले. म्हणून आपल्याकडच्या डोंगरांना दुरून पायऱ्या दिसतात.

टोपलीत ज्वारीच्या भाकरींची चवड रचलेली असते, तशी ही रचना आहे. भाकरीचा खालचा भाग घट्ट, वरचा पापुद्रा सुटलेला आणि पोकळ. चवडीवर पाणी ओतलं तर ते घट्ट भाकरीतून सहजी खाली जाणार नाही. पापुद्र्यांमधल्या फटीत शिरेल, आडवं पसरेल आणि कडेने बाहेर येईल.

लाव्ह्याच्या प्रत्येक थराचं तसंच आहे. मधला भाग हळूहळू थिजला, म्हणून तो घट्ट, काळा पाषाण झाला. त्यात पाणी शिरतं ते फक्त तडांमधून. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्यामुळे तो सच्छिद्र झाला. पुढे त्या छिद्रांत पांढरी, हिरवट खनिजं भरली. विहिरी खोदणारे या ठिसूळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तिथे झीज होऊन माती बनली, ती वरच्या तप्त लाव्ह्याने भाजली गेली. हा पट्टा बहुतेक वेळा पाण्याला खाली जाऊ देत नाही.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे पाऊस ओसरल्यावर पाच मिनिटं थांबून बघा. कापलेल्या भिंतीच्या वरच्या काळ्या ठोकळ्यांवर पाणी नसेल. त्याखाली मांजऱ्या खडकाची ओबडधोबड पट्टी ओली असेल आणि तिच्या तळाशी, तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वर, थेंब ओळीने ठिबकत असतील. त्या ओळीत शेवाळ आणि नेचे उगवलेले दिसतील. डोंगरातलं पाणी आडवं चालत कडेला आलं, ती ही जागा. असाच थेंब मोठ्या प्रमाणावर बाहेर पडला की त्याला आपण झरा म्हणतो.

उंबर, जांभूळ यांसारखी झाडं ही ओल पकडून राहतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी ओळखण्यावर ‘दकार्गल’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला. झाडं, वारुळं, मातीचा रंग यांवरून पाण्याचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यात आहे. भर उन्हाळ्यात उतारावर झाडांची हिरवी रेघ दिसली तर तिथे दोन थरांचा सांधा असण्याची शक्यता मोठी.

धबधबा तिथेच का?

ओढा वाहताना सगळा खडक सारखा झिजवत नाही. पाषाण टिकतो, मांजऱ्या आणि तांबडा पट्टा लवकर झिजतात. घट्ट थर वर आणि ठिसूळ थर खाली असेल तिथे खालचा भाग आत पोखरला जातो. वरचा पाषाण छज्ज्यासारखा पुढे येतो, त्याला तडे जातात आणि कधीतरी तो कोसळतो. कडा पुन्हा उभाच्या उभा राहतो, फक्त थोडा मागे सरकलेला असतो.

पडणारं पाणी तळाशी गोटे गरगर फिरवतं आणि खडक कोरतं. त्यातून कुंड तयार होतं. नदीच्या पात्रात हेच काम किती कोरीव होऊ शकतं, ते पाहायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहावेत.

सौताड्याला वरून बघताना आधी सपाट माळ दिसतो आणि मग एकदम पायाखाली दरी येते. धबधबा जसजसा मागे सरकतो, तसतशी त्याच्या पुढ्यात अशी अरुंद दरी उरत जाते. दरीच्या तळाला रामेश्वराचं देऊळ आहे. कपिलधारलाही मन्मथस्वामींची समाधी डोंगराच्या कुशीत, धबधब्याशेजारी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. आपल्याकडची कितीतरी देवस्थानं अशा जागी आहेत, कारण कड्याच्या पायथ्याला सावली असते, कपार असते आणि पाणी सगळ्यांत उशिरा आटतं.

याच रचनेत धोकाही आहे. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली पाषाण. जोराचा पाऊस आला की पाणी मुरायला वाव मिळत नाही, ते थेट ओढ्यात येतं. दरीत ऊन असताना माथ्यावर पाऊस पडला तरी काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर कुंडातून लगेच बाहेर पडून उंचावर जावं. ओढा ओलांडण्याची घाई करू नये.

झाडं पाण्याचा वेग मोडतात

बालाघाटातलं रान शुष्क पानझडीचं आहे. धावडा, सालई, पळस, खैर, कुठे साग आणि उतारांवर जागोजाग सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते याच मुरमाड उतारांमुळे. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्यही आहे. सुमारे तीस चौरस किलोमीटरच्या या रानाला १९९४ साली संरक्षण मिळालं.

पानझडी झाडं उन्हाळ्याआधी पानं टाकतात. त्या पाचोळ्याचं मोल पहिल्या पावसात कळतं. उघड्या जमिनीवर पावसाचे टपोरे थेंब आदळतात, मातीचे बारीक कण उडतात आणि तेच कण मातीची छिद्रं बुजवतात. मग पाणी आत जाण्याऐवजी वरून वाहतं. पाचोळ्यावर थेंब पडला तर त्याचा मार तिथेच संपतो. पाणी पानांखालून हळूहळू सरकतं, वाळवीने आणि मुळांनी केलेल्या पोकळ्यांतून मुरमात उतरतं आणि मुरमातून खडकाच्या तडांमध्ये जातं.

आपल्या पाषाणात पाणी साठवायला जागा मुळात थोडी. पडलेल्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा भूजलात पोचतो, घट्ट खडकात तर त्याहूनही कमी. तेव्हा झाडांनी, गवताने किंवा पाणलोटाच्या कामातल्या समतल चरांनी पाण्याला उतारावर तासभर जरी थांबवलं, तरी खालच्या झऱ्याचं आयुष्य वाढतं.

गळावं म्हणून बांधलेलं तळं

डोंगराच्या पायथ्याला वाट संपते तिथे बऱ्याचदा एक छोटा मातीचा बांध आणि त्यामागे तळं दिसतं. हा पाझर तलाव. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात असे तलाव मोठ्या संख्येने झाले. मराठवाड्यातल्या हजारो माणसांनी डोक्यावरून पाट्या वाहून हे बांध उभे केले आहेत.

धरणातलं पाणी साठून राहावं अशी अपेक्षा असते. पाझर तलावाचं काम उलट आहे. त्यातलं पाणी जमिनीत जायला हवं. म्हणून तो सच्छिद्र खडक असलेल्या जागी बांधतात. डिसेंबर-जानेवारीत तलाव रिकामा दिसला की लोक हळहळतात. पण खालच्या अंगाच्या विहिरींना तेव्हा पाणी असेल तर तलावाने काम चोख केलं म्हणायचं. उन्हात उघडं राहिलेलं पाणी वाफ होऊन जातं, जमिनीत गेलेलं वाचतं.

खरी अडचण गाळाची. दर पावसाळ्यात बारीक गाळ तळाशी बसतो आणि जमिनीची तोंडं बंद करतो. असा तलाव मार्चपर्यंत भरलेला दिसतो, आणि खालच्या विहिरी मात्र कोरड्या. पाणी दिसतंय म्हणून समाधान मानावं, तर तेच तलाव बिघडल्याचं लक्षण असतं.

मोटेशिवाय शेतात जाणारं पाणी

आता बीडजवळची खजाना विहीर. शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेली ही गोल, दगडी बांधणीची विहीर निजामशाहीतली. मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे १५८३च्या सुमारास बांधवली. स्थापत्य राजा भास्कर यांचं असल्याचं सांगितलं जातं. तिची ख्याती अशी की पाण्याची पातळी ठरावीक रेषेच्या आसपासच राहते.

यात चमत्कार नाही, नेमकं मोजमाप आहे. विहिरीत भुयारातून पाणी येतं आणि भुयारातूनच ते पुढे जातं. जावक भुयाराचं तोंड ज्या उंचीवर, तीच पाण्याची पातळी. आवक वाढली तर जास्तीचं पाणी पुढे निघून जातं. आवक अगदीच तुटत नाही तोवर पातळी उतरत नाही. आवक सहसा तुटत नाही, कारण भुयार डोंगराकडच्या ओल्या थरात शिरलेलं आहे आणि तिथे पाणी थेंबाथेंबाने वर्षभर झिरपतं.

पण जमिनीखालचं पाणी उपसा न करता वर येतं कसं? खरं तर ते वर येतच नाही. जमीनच खाली येते. समजा, जमिनीचा उतार शंभर मीटरला एक मीटर आहे आणि भुयाराचा उतार शंभर मीटरला फक्त दहा सेंटिमीटर ठेवला. भुयार नऊ मीटर खोलीवर सुरू केलं तर दर शंभर मीटरला ते जमिनीच्या ९० सेंटिमीटर जवळ येत जाईल. बरोबर एक किलोमीटरवर पाणी उघड्यावर येईल आणि पाटाने शेतात जाईल. खजाना विहिरीच्या पाण्यावर बलगुजारचं शिवार भिजत आलं आहे.

हे तंत्र इराणातून आलं. बीदरमध्ये बहमनी काळात अशी भुयारं झाली. बऱ्हाणपूरला १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी ‘कुंडी भंडारा’च्या भुयारांनी शहरात आणलं गेलं. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी उभी तोंडं ठेवलेली असतात. खोदताना माती तिथून काढायची, हवा तिथून खेळायची आणि पुढे गाळ काढायला माणूस तिथूनच उतरायचा.

पाण्यावर फिरणारं जातं

पाणी आणून विहिरीत किंवा शेतात सोडणं एक, त्याच्याकडून दळण दळून घेणं वेगळं. संभाजीनगरची पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी आहे. निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या पदरी असलेल्या तुर्कताजखानाने ती १७४४च्या सुमारास उभारली. पुढे वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने आयताकृती हौद बांधला. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहतं.

पाणी येतं शहराबाहेरच्या डोंगराकडून, नहरीने, म्हणजे जमिनीखालून काढलेल्या पाण्याच्या वाटेने. या शहरातल्या नहरींची परंपरा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यापासूनची. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि लगोलग नहर-ए-अंबरी खोदायला घेतली.

वाटेत काही भागात पाणी बंद खापरी नळांतून नेलेलं आहे. बंद नळातलं पाणी सखल भागात उतरतं आणि पलीकडे पुन्हा चढतं, पार उगमाच्या पातळीजवळ. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या दोन कोपऱ्यांची पातळी जुळवतो, तिथे हाच नियम काम करतो. नळी मध्ये कितीही खाली लोंबली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. लांब नळात घासून थोडी उंची वाया जाते, एवढाच फरक.

अडचण हवेची. नळात हवा कोंडली की पाणी अडतं. म्हणून वाटेत उंच दगडी-विटांचे मनोरे बांधलेले असतात. त्यांत पाणी चढतं, हवा वरून सुटते, गाळ तळाशी बसतो आणि जास्तीचा दाबही उतरतो.

चक्कीपाशी आलेलं पाणी उंचावरून पन्हळीने आडव्या चाकाच्या पात्यांवर सोडलं जातं. चाकाचा उभा आस खालच्या, स्थिर तळीच्या मधून वर जातो आणि वरच्या तळीला फिरवतो. दातेरी चक्रं नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे जात्याचा एक फेरा.

यात ताकद किती? एक लिटर पाणी दर सेकंदाला एक मीटर खाली पडलं तर सुमारे १० वॅट शक्ती मिळते. सेकंदाला २० लिटर पाणी पाच मीटरवरून पडलं तर हजार वॅटच्या जवळपास. साध्या लाकडी-लोखंडी चाकात त्यातली निम्मी हाती लागली तर ५०० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून थोडी जास्त. घरघंटीची मोटर साधारण एक अश्वशक्तीची असते. आणि जात्यावर बसलेली बाई सतत दळताना ७०-७५ वॅटच्या आसपास राबते. म्हणजे एवढं पाणी सहा-सात बायांचं दळण, तेही रात्रंदिवस, उरकू शकतं.

मग गावोगाव पाणचक्क्या का नव्हत्या?

इंग्लंडात १०८६ साली झालेल्या राज्याच्या मोजणीत पाच हजारांहून जास्त चक्क्यांची नोंद झाली. त्या जवळपास साऱ्या पाण्यावरच्या. आज तिथल्या रानवाटांवर तळी आणि चक्क्यांचे पडके अवशेष भेटतात, त्याचं कारण हे. तिथे पाऊस बाराही महिने विभागून पडतो, ओढे क्वचितच आटतात. बांध घालून तळं करायचं आणि खाली चाक बसवायचं, एवढ्यावर काम भागतं. हिमालयातही झऱ्या-ओढ्यांवर घराट, म्हणजे तिथल्या पाणचक्क्या, फिरतात, कारण बर्फ आणि जंगल पाणी सोडत राहतात.

मराठवाड्यातल्या ओढ्याला श्रावणात महापूर आणि चैत्रात धूळ. पावसाळ्यात चाक वाहून जाईल, उन्हाळ्यात ते फिरणार नाही. म्हणून इथे दळण घरोघरच्या जात्यावर, बायांच्या खांद्यावर राहिलं. संभाजीनगरची चक्की फिरू शकली, कारण तिला ओढ्यावर अवलंबून राहावं लागलं नाही. तिच्यामागे डोंगराच्या पोटातून सावकाश झिरपणारं पाणी होतं.

चौकट : वाटेवर काय पाहाल?

• कड्यावरची ओली किंवा हिरवी आडवी रेघ : दोन थरांचा सांधा, झऱ्याची जागा.
• कड्याच्या पायथ्याची कपार : ठिसूळ थर पोखरला जातो आहे, धबधबा मागे सरकतो आहे.
• पाचोळ्याखालची माती : बोट सहज रुततं तिथे पाणी मुरतं, कडक पापुद्रा असेल तिथून वाहून जातं.
• पाझर तलाव : तो रिकामा आणि खालच्या विहिरी भरलेल्या, म्हणजे काम नीट चालू आहे.
• भुयारावरची उभी तोंडं, दगडी मनोरे : जुन्या नहरीचा माग. त्यात कचरा टाकू नये, आत डोकावताना कठड्यापासून दूर राहावं.
• भटकंतीसाठी चांगला काळ : सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. पूर ओसरलेला असतो, झरे चालू असतात.

सांभाळायचं काय?

धबधबा, झरा, तळं, विहीर, चक्की ही पाहण्याची वेगवेगळी ठिकाणं वाटतात, पण त्या सगळ्यांतून एकाच पाण्याची वाट जाते. वरच्या टप्प्यावर ती तुटली की खालचं सगळं तुटतं. माथ्यावरचं गवत वणव्यात जळलं तर झरा लवकर आटतो. झरा आटला तर भुयार कोरडं पडतं. भुयार वाटेत एका जागी जरी बुजलं तर विहीर कितीही सुंदर बांधलेली असो, तिच्यात पाणी येत नाही.

म्हणून जुन्या विहिरीचं संवर्धन करताना फक्त चिरे घासून, दिवे लावून भागत नाही. तिचं भुयार कुठून येतं, त्यावर आज रस्ता आहे की घरं, हे शोधून नकाशावर मांडायला हवं. डोंगरउतारावरचं रान वणवा आणि कुऱ्हाडीपासून राखायला हवं, कारण माजलगावच्या जलाशयात येणाऱ्या गाळाचीही सुरुवात तिथल्याच उघड्या मातीपासून होते. आणि गावच्या पाझर तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत उन्हाळ्याआधी विचारला गेला पाहिजे. तो गाळ शेतात गेला तर पिकाच्या कामी येतो, आणि मोकळ्या झालेल्या तळातून पुढच्या पावसाचं पाणी विहिरींना मिळतं.